गाडीची परीक्षा जुलैच्या चिखलात व्हावी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत मोठ्या, दणकट गाड्यांविषयी अधूनमधून जे लेखन येते ते मी आवडीने वाचतो. गाडीचे छत किती उघडते, समोरचा पडदा किती इंचांचा आहे, आसनांतून गार हवा येते की नाही, याची माहिती त्यात बारकाईने दिलेली असते; परंतु तीच गाडी जांबोटीच्या पुढे, डांबर संपल्यावर, भर आषाढात कशी चालेल याविषयी सहसा एक ओळही नसते. गेले चार महिने मी स्वतः जुनी जीप बदलून मोठी गाडी घेण्याच्या खटाटोपात आहे. बेळगाव आणि कोल्हापूर येथील शोरूमच्या पायऱ्या झिजवून झाल्या, आणि या काळात सोय कशाला म्हणावे व चैन कशाला म्हणावे याबद्दलची माझी मते एकदा नव्हे, दोनदा फिरली. माझ्यासारख्याच पेचात असलेली बरीच घरे या भागात आहेत, हे ठाऊक असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. ते लांबले तर काटछाट करण्याचा आपला अधिकार अर्थातच मान्य आहे.

माझे घर खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात आहे. मुख्य रस्ता सोडल्यानंतर घरापर्यंत सुमारे तीन किलोमीटर कच्ची वाट असून तिच्यात एक ओढा, दोन उभे चढ आणि भातखाचरांचे बांध लागतात. २०१२ पासून माझ्याकडे दोन दारांची, मागे समोरासमोर आडवे बाक असलेली एक जीप आहे. चारही चाकांना जोर देणारा तिचा वेगळा दांडा खाली ओढला की ती मुंगीच्या पावलाने का होईना, पण वर चढतेच. बारा-तेरा पावसाळ्यांत तिने मला वाटेत सोडल्याचे फक्त दोन प्रसंग आठवतात, आणि त्यांतला एक माझ्याच हट्टामुळे घडला. काजूच्या पोत्यांनी भरलेली शेजाऱ्याची ट्रॉली चिखलातून ओढून काढताना मी क्लचवर पाय ठेवूनच राहिलो आणि प्लेट जाळून बसलो. अशी गाडी बदलण्याचे कारण काय, असे कोणीही विचारील. कारण माझी आई.

गेल्या श्रावणात रात्री अकराच्या सुमारास आईच्या छातीत दुखू लागले. तिचे वय ८२. कच्ची वाट जीपने नेहमीप्रमाणे बिनतक्रार पार केली. परंतु पुढचे बेळगावपर्यंतचे चाळीसएक किलोमीटर, आडव्या बाकावर, मागच्या पाट्यांचा प्रत्येक हादरा अंगावर घेत, एका हाताने वरचा गज आणि दुसऱ्या हाताने माझ्या पत्नीचा खांदा धरून त्या माउलीने कसे काढले असतील, याचा विचार गाडी चालवताना माझ्या मनात आला नाही, तो दुसऱ्या दिवशी आला. दुखणे सुदैवाने पित्ताचे निघाले. इस्पितळातून परतताना ती एवढेच म्हणाली, “बाबा, छातीपेक्षा पाठच जास्त दुखली रे.” तोपर्यंत मऊ आसन, लवचीक स्प्रिंग आणि मागच्या दारातून सरळ आत बसता येणे या गोष्टींना मी शहरी लोकांचे लाड समजत होतो. माझे मत पहिल्यांदा फिरले ते त्या वेळी.

येथे एक गोष्ट बाहेरच्या वाचकांसाठी सांगितली पाहिजे. आमच्या बाजूला, आणि विशेषतः भीमगड अभयारण्याच्या आतल्या व काठावरच्या वाड्यांत, पावसाळ्यात रस्ता नावाची वस्तू बहुधा उरतच नाही. आजारी माणसाला डोलीत घालून चिखलातून खांद्यावर आणल्याच्या बातम्या आपणच वेळोवेळी छापल्या आहेत. अशा ठिकाणी ज्याच्या दारात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, गाडी असते, तो माणूस त्याची इच्छा असो वा नसो, रुग्णवाहिकेचा चालक होतो. गाडीचे हप्ते एकट्याचे, पण जून ते सप्टेंबर गाडी वाडीची. बाळंतीण, सर्पदंश झालेला गडी, शिडीवरून पडलेला गवंडी अशी सारी माणसे माझ्या जीपमधून गेली आहेत. म्हणून शोरूममध्ये मी पहिला प्रश्न विचारतो तो असा : मागचे आसन दुमडल्यावर तळ सपाट होतो का, आणि त्यावर साडेपाच फुटांचा माणूस आडवा झोपवता येतो का? या प्रश्नाने विक्री करणारी तरुण मुले गोंधळतात. एकाने तर मोठ्या उत्साहाने सांगितले, की हो काका, तंबू न लावता गाडीतच झोपून सहलीला जाता येते. मी त्याला दोष देत नाही. त्याला जे शिकवले आहे तेच तो बोलणार.

मोठी गाडी म्हणजे दणकट गाडी, आणि दणकट गाडी म्हणजे चिखलात चालणारी गाडी, हे समीकरण आपल्याकडे फार पक्के बसले आहे. निपाणीकडच्या आमच्या पाहुण्यांनी गतवर्षी बरीच महागडी गाडी घेतली. दिसायला डोंगर, आत बसले की दिवाणखाना. वळवाच्या एका सरीनंतर ती तंबाखूच्या शेताच्या कडेला काळ्या मातीत रुतली, आणि बाहेर काढायला शेवटी शेजारचा ट्रॅक्टर आणावा लागला. नंतर कागद पाहिले तेव्हा कळले, की ती फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी होती. पाहुण्यांनी घेताना हे विचारलेच नव्हते, कारण एवढ्या मोठ्या गाडीला चारही चाकांचा जोर असणारच, असे त्यांनी गृहीत धरले होते. बाजारात धावणाऱ्या अशा अवाढव्य गाड्यांपैकी पुष्कळशा दोनच चाकांवर चालणाऱ्या असतात. गावातल्या रस्त्यावर त्यांचा रुबाब तितकाच राहतो, यात शंका नाही.

मातीचेही दोन प्रकार लक्षात घ्यावे लागतात. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला कणकुंबी, आमगाव ही कर्नाटकातील सर्वाधिक पावसाची म्हणून गणली जाणारी ठिकाणे आहेत, आणि पूर्वेला अथणीचा भाग पर्जन्यछायेत मोडतो. पूर्वेची काळी माती चाकाला गुळाच्या काकवीसारखी चिकटते आणि टायरच्या खाचा भरून टाकते; पश्चिमेची जांभी माती वरून साबणासारखी निसरडी, पण खाली टणक असते. एकीकडे रुंद खाचांचा टायर उपयोगी पडतो, दुसरीकडे सावकाश चालणारा खालचा गिअर. ज्या खानापूरच्या मातीची कौले आणि मडकी होतात, ती माती चाकाला सहजासहजी सोडील ही अपेक्षाच चुकीची आहे. तेव्हा ‘बेळगाव जिल्ह्यासाठी उत्तम गाडी’ असे काही नसते. अथणीच्या शेतकऱ्याने माझे ऐकून फोर बाय फोरवर दीड-दोन लाख अधिक घालू नयेत, आणि मीही त्याचे ऐकून ते वाचवू नयेत, हे बरे.

आता चाकांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चैन ही सोयीचे सोंग घेऊन येते ती सर्वाधिक येथेच. गाडीचा प्रकार जसजसा महाग होत जातो तसतशी मिश्रधातूची रिम मोठी होत जाते आणि टायरची रबरी भिंत कमी होत जाते. उदाहरणार्थ, २०२० साली आलेल्या महिंद्राच्या तीन दारी थारच्या साध्या प्रकाराला २४५/७५ आर १६ मापाचे टायर होते, तर वरच्या प्रकाराला २५५/६५ आर १८ मापाचे. यातील पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदी आणि दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के भिंतीची उंची, हे लक्षात घेतले म्हणजे हिशेब सोपा आहे : पहिल्या टायरची भिंत सुमारे १८४ मिलिमीटर भरते, दुसऱ्याची १६६. पाच दारांच्या थार रॉक्सच्या वरच्या प्रकारात १९ इंची रिमवर २५५/६० मापाचा टायर येतो, त्याची भिंत १५३ मिलिमीटर. म्हणजे दगड आणि रिम यांच्यामधले तीन सेंटिमीटर रबर आपण अधिक पैसे मोजून कमी करून घेतो. खाचखळग्यांत टायरची हवा थोडी कमी करून चालवण्याची जी पद्धत आहे, तिलाही उंच भिंतच लागते. शिवाय लोखंडी रिम वाकली तर खानापुरातला मेस्त्री ती ठोकून सरळ करून देतो. मिश्रधातूची रिम तडकली की ती भंगारातच जाते. १९ इंची टायरसाठी मी खानापुरात तीन दुकाने फिरलो, तिन्ही ठिकाणी ‘मागवून देतो’ हे उत्तर मिळाले. आषाढात टायर फाटल्यावर ‘मागवून देतो’ या उत्तराचा अर्थ आठवडाभर घरी बसणे असा होतो.

आतल्या रंगाविषयी मी फार बोलणार नाही. रॉक्स २०२४ च्या १५ ऑगस्टला आली तेव्हा तिची आसने हस्तिदंती पांढरी होती; लोकांनी कुरकुर केल्यावर कंपनीने फोर बाय फोर प्रकारात गडद तपकिरी रंगाचा पर्याय दिला, हे योग्यच झाले. लाल मातीने माखलेले पाय, ओल्या घोंगड्या आणि पिशवीतून गळणारे मासळीचे पाणी यांना पांढऱ्या आसनाचे सोवळे कळत नाही.

काचेच्या छतावरून मात्र आमच्या घरात आठ दिवस अबोला होता. पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणाला, बाबा, एवढे पैसे घालतोच आहोत तर आकाश दिसू दे. आमच्या आकाशातून वर्षाचे चार महिने पाणी पडते, उरलेल्या दिवसांत काजूची पाने आणि वानरे पडतात, हे मी त्याला सांगितले. थट्टेचा भाग सोडला तरी त्यात एक व्यवहाराचा मुद्दा आहे. उघडणाऱ्या छताच्या कडेने झिरपणारे पाणी वाहून नेण्यासाठी चारही कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात, आणि झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या पानांच्या कचऱ्याने तुंबतात; मग पाणी छताच्या अस्तरातून आत उतरते. शहरात इमारतीच्या तळघरात उभ्या राहणाऱ्या गाडीला ही भीती नाही. म्हणजे तीच वस्तू पुण्यात निरुपद्रवी हौस ठरते आणि आमच्याकडे कटकट.

माझे मत दुसऱ्यांदा फिरले ते आपोआप बदलणाऱ्या गिअरच्या बाबतीत. डावा पाय मोकळा सोडून गाडी चालवणे ही मला आळशी माणसाची चैन वाटत असे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ज्या काळात बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून पुढे लोखंडी नांगर बनवला, त्या काळात लोखंडाने जमिनीला विष चढते अशी समजूत असल्यामुळे शेतकरी त्या नांगराला हात लावीनात, ही हकिकत आपल्या भागात अनेकांना माहीत आहे. आज त्याच घराण्याचे नाव बिडदीच्या कारखान्यात फॉर्च्युनर ही मोठी गाडी बनवणाऱ्या टोयोटा किर्लोस्कर कंपनीच्या नावात आहे. त्या फॉर्च्युनरचे माहितीपत्रक चाळताना मला दिसले, की तिच्या २.८ लिटर डिझेल इंजिनाचा ओढण्याचा जोर (टॉर्क) हाताच्या गिअरमध्ये ४२० न्यूटन मीटर आणि आपोआप गिअरमध्ये ५०० आहे. म्हणजे जिला मी नाजूक समजत होतो तीच अधिक जोर पेलणारी निघाली. या गिअरमध्ये घासून जळणारी क्लच प्लेट नसते, इंजिनाचा जोर तेलाच्या माध्यमातून हलकेच चाकांपर्यंत जातो, आणि निसरड्या चढावर चाक एकदम गरगर फिरण्याऐवजी हळूहळू पकड घेते. चोर्ला घाटात मालट्रकांच्या मागे तासभर रखडल्यावर माझा गुडघा जे सांगतो ते वेगळेच. लोखंडी नांगराला भिणाऱ्या त्या शेतकऱ्यांत आणि माझ्यात फारसा फरक नव्हता, हे मान्य करावे लागले. उतारावर मात्र खालची गिअरपट्टी निवडून इंजिनाचा रोध वापरण्याची सवय ठेवावी लागते, आणि बॅटरी उतरली तर चार गड्यांनी ढकलून अशी गाडी सुरू होत नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करण्याची जोडतार कायम जवळ ठेवणे हा त्यावर उपाय.

लांबीचाही विचार करावा लागतो. तीन दारी थारच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर २४५० मिलिमीटर, तर पाच दारी रॉक्सचे २८५०. हे चाळीस सेंटिमीटर आईला दार मिळवून देतात, पण बांध ओलांडताना गाडीचे पोट टेकण्याची शक्यताही वाढवतात. आमच्या वाटेवरचे दोन बांध मी या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी उतरते करून घेतले. त्याला जेसीबीचे काही तास पुरले. गाडी वाटेला जुळवण्यापेक्षा वाट गाडीला जुळवणे कधीकधी स्वस्त पडते, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

पाण्यातून जाण्याच्या क्षमतेचे आकडे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतात. थारचा ६५० मिलिमीटर, फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीचा ७००. हे आकडे संथ पाण्यासाठी असतात. वाहत्या पाण्याचा रेटा दोन फुटांवर गेला तर मोठी गाडीसुद्धा जागची सरकू शकते. आमच्या ओढ्याच्या काठावरील जांभ्या दगडावर माझ्या वडिलांनी छिन्नीने एक खूण पाडलेली आहे, आणि पाणी तिच्या वर गेले की आमच्या घरचे कोणीही ओढ्यात उतरत नाही. वडिलांकडे त्या काळी लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी जीप होती. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे आपल्याकडच्या दोन पिढ्यांना जीप आणि जोंगा या लष्करी गाड्यांची ओळख जाहिरातीतून करून घ्यावी लागली नाही.

नव्या डिझेल गाड्यांची एक अडचण मात्र कोणत्याच माहितीपत्रकात ठळकपणे येत नाही. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, आणि तेव्हापासून धुरातील काजळी धरून ठेवणारी गाळणी डिझेल गाड्यांच्या धुराड्यात असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी काही वेळ एकसारख्या वेगाने, गरम इंजिनावर धावावी लागते. घर ते बाग, बाग ते वाडी अशी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालणारी गाडी कधी तापतच नाही, आणि मग समोर पिवळा दिवा लागतो. आमच्या ओळखीतील एक बागायतदार दर पंधरवड्याला राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून कित्तूरपर्यंत गाडी नुसती पळवून आणतात. म्हशीला डोहात नेऊन आणावे तसा हा प्रकार आहे. धूर कमी व्हावा हे योग्यच, माझी तक्रार नियमाविरुद्ध नाही. परंतु ज्याची गाडी वर्षभर शेताबाहेर पडणार नाही, त्याला हे विकत घेण्यापूर्वी सांगितले गेले पाहिजे.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो. मला हवी होती ती गाडी अशी : चारही चाकांचा जोर, खालचा गिअर, मागे आरामशीर बसता येईल अशी आसने, चांगले एअर कंडिशनर, सुरक्षिततेसाठी हवेच्या पिशव्या, आणि बाकी काही नाही. ती मिळणे कठीण आहे. बहुतेक कंपन्या फोर बाय फोर यंत्रणा मधल्या किंवा वरच्या प्रकारातच देतात, आणि त्याबरोबर काचेचे छत, मोठी रिम, नक्षीदार दिवे, बोलून चालू होणारा पडदा हे सारे पदरात पडते. साडीसोबत शेला घ्यावाच लागेल, असे म्हणण्यासारखे हे आहे. फोर्सची गुरखा हा याला काहीसा अपवाद. पुढच्या व मागच्या दोन्ही आसांची चाके जखडून एका गतीने फिरवण्याची सोय तिच्यात आहे आणि नखरे कमी आहेत, परंतु आईला तिच्यात चढवायचे तर माडीचा जिनाच लागेल. मारुतीची जिम्नी सर्व प्रकारांत फोर बाय फोर आहे, त्याबद्दल त्या कंपनीचे कौतुक. पण ती मोठी गाडी नव्हे आणि आडव्या माणसाला तिच्यात जागा नाही.

करांचे गणितही या नको असलेल्या चैनीमुळे बिघडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब किंवा दीड हजार सीसीपेक्षा मोठ्या डिझेल इंजिनाच्या मोटारीवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. गाडी पांढऱ्या आसनांची की ताडपत्रीच्या आसनांची, हे तो पाहत नाही. त्यावर कर्नाटकाचा आजीवन रस्ता कर दहा ते वीस लाखांच्या गाडीला १७ टक्के आणि वीस लाखांच्या पुढे १८ टक्के, वर उपकर वेगळा. हा टक्का वाढीव रकमेवर नसून संपूर्ण किमतीवर असतो. साडेएकोणीस लाखांच्या गाडीचा कर सुमारे ३ लाख ३१ हजार होतो, साडेवीस लाखांच्या गाडीचा ३ लाख ६९ हजार. म्हणजे एका लाखाच्या छतापायी आणखी ३८ हजारांचा भुर्दंड. हे कळल्यावर काही जण कोल्हापूरच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर नोंदणी करण्याचा सल्ला देतात, कारण महाराष्ट्रातील दर काहीसे कमी आहेत. मला तो पटला नाही. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार पुन्हा नोंदणी करावीच लागते, आणि सीमेवर राहणाऱ्या माणसाला आधीच पुरेशी कागदपत्रे सांभाळावी लागतात. भाषा मराठी आणि नंबर केए-२२, हे आता अंगवळणी पडले आहे.

एक सुज्ञ मित्र म्हणाले, की जुनी जीप शेतासाठी ठेव, आणि डांबरी रस्त्यावर एखादी साधी मोटार उभी करून ठेव. मोठ्या गाडीच्या निम्म्या पैशांत दोन्ही कामे होतील. हा सल्ला मी सहजासहजी झटकला नाही, आणि ज्यांच्या घरात आजारी माणूस नाही त्यांना तो मी स्वतःही देईन. परंतु मुसळधार पावसात, मध्यरात्री, कंदिलाच्या उजेडात आजाऱ्याला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवण्याचा प्रसंग डोळ्यांसमोर आला आणि मी तो विचार सोडला. जीप मात्र विकणार नाही. २०२७ साली तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल, तेव्हा पाहू.

पुढे लावायचे लोखंडी कठडे, टपावरचे दिव्यांचे पट्टे आणि गाडी उंच करण्याचे संच यांवर पुतण्याची बरीच भिस्त होती. कठड्यांवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंदीचे आदेश काढले आहेत, कारण ते पायी चालणाऱ्याला घातक असतात आणि धडकेच्या वेळी हवेच्या पिशव्या उघडण्यात अडथळा आणू शकतात. पुतण्याची समजूत पुढील वस्तूंवर काढली : दोर, दोन फावडी, टायरात हवा भरण्याचा लहान पंप आणि पुढे-मागे दोन मजबूत आकडे.

शेवटी आपल्यामार्फत येथील विक्रेत्यांना एक विनंती. चाचणीसाठी गाडी देताना ती महामार्गाच्या बगलरस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून परत आणतात. एका ठिकाणी मी कच्च्या रस्त्यावर नेण्याचा आग्रह धरला तेव्हा ‘गाडी घाण होईल’ असे उत्तर मिळाले. जी गाडी डोंगर चढतानाच्या चित्रांवर विकली जाते, ती घाण होण्याची भीती विक्रेत्यालाच वाटावी, हे नवल आहे. बेळगावपासून जांबोटी तासाभराच्या आत आहे. पावसाळ्यात महिन्यातून एक दिवस तेथे चाचणीसाठी गाडी आणली, तर अर्ध्या दिवसात जेवढ्या शंका फिटतील तेवढ्या माहितीपत्रकांनी फिटणार नाहीत. आपल्या पुरवणीनेही पडद्याच्या इंचांबरोबर टायरचे माप, जादा चाक पूर्ण आकाराचे आहे की नाही, मागच्या दाराची पायरी जमिनीपासून किती उंच आहे आणि फोर बाय फोर कोणत्या प्रकारापासून सुरू होते, एवढे छापावे.

माझी मागणी मी नोंदवली आहे : पाच दारी, फोर बाय फोर, आपोआप गिअरची, गडद आसनांची, ज्या प्रकारात ही यंत्रणा मिळते त्यांतला सर्वांत खालचा. मिरगाच्या आधी गाडी मिळेल असे सांगतात. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी आईला शोरूममध्ये नेले होते. तेथील मुलगी तिला पडद्यावर काहीबाही दाखवत होती. आईने तिकडे न पाहता हातातली वेळूची काठी मागच्या दाराशी उभी धरली, पायरी काठीच्या दुसऱ्या पेराच्या खाली येते हे बोटाने चाचपून पाहिले, आणि मग माझ्याकडे वळून मान हलवली.

आपला नम्र,
एक काजू बागायतदार,
ता. खानापूर, जि. बेळगाव